पोलीस लाईनीचा मोर्चा

"जत्रेत रजा बंद," आबा म्हणाले आणि त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

आई परातीत भाकरी थापत होती. तिचा हात तसाच थांबला.

"कुणाची रजा बंद?"

"सगळ्यांची."

"पण तुमची मंजूर झालीय ना? संक्रांतीलाच सही घेऊन ठेवली म्हणाला होतात."

"झाली होती. आज दुपारी रद्द झाली."

"अहो, हिराचं लग्न आहे!"

"ठाऊक आहे," आबा म्हणाले. "आमटी वाढ थोडी."

आईने आमटी वाढली नाही. ती चुलीतल्या लाकडाकडे बघत बसली. मी कोपऱ्यात तांदूळ निवडत होते. लग्न माझं, पण आमच्या घरी अशा वेळी मुलींनी मधे बोलायची पद्धत नव्हती, म्हणून मी एकच खडा तीन-तीनदा उचलत राहिले.

बहात्तरचा दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती. आबा, म्हणजे माझे वडील रंगनाथ शेंडगे, भोरगावच्या पोलीस ठाण्यात हवालदार होते. आम्ही पोलीस लाईनीत राहायचो. एकाला एक लागून कौलारू खोल्या, पुढे शेवग्याचं झाड, झाडाखाली एकच नळ आणि नळाला सकाळी तासभर पाणी. त्या तासात सगळी लाईन एकमेकींच्या घरात काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं जाणून घ्यायची. आज माझ्या मुलाच्या इमारतीत चोवीस तास पाणी आहे आणि शेजारणीचं नाव मला ठाऊक नाही.

माझं लग्न अक्षय तृतीयेला वाळवण्याला, मुलाच्या गावी, ठरलं होतं. मुलगा शाळामास्तर. त्याच आठवड्यात भोरगावात सिद्धोबाची जत्रा असायची. एरवी आमच्या ठाण्याला एक फौजदार आणि मूठभर शिपाई पुरत. पण जत्रेला तालुका लोटायचा, तेव्हा जिल्ह्याच्या मुख्यालयातून जादा पोलीस यायचे. ते फुकट येत नसत. जत्रेचा कर नगरपालिका गोळा करायची, दुकानांच्या जागांचं भाडंही तिलाच मिळायचं, म्हणून जादा पोलिसांचा भत्ता आणि जेवणखाणही तिनेच भरायचं, असा जुना रिवाज. आमच्या शिपायांनी पाळी संपल्यावर काम केलं तर त्याचा भत्ताही त्यातूनच निघे. पालिकेच्या अंदाजपत्रकात त्याचं वेगळं कलमच होतं.

नवे नगराध्यक्ष तात्यासाहेब कडलग यांनी नेमकं त्या कलमावर बोट ठेवलं. पोलिसांना सरकार पगार देतं, मग गावाने पुन्हा कशाला द्यायचा? जत्रा गावची, ठाणं गावचं, गावच्या शिपायांनी सांभाळावी. वाचलेल्या पैशातून बाजारपेठेच्या मधोमध कारंजं बसवायचं, रंगीत दिव्यांचं. पुण्याला त्यांनी तसलं एक पाहिलं होतं म्हणे. कलम अजून सभेत जायचं होतं, पण तात्यासाहेबांकडे बहुमत होतं आणि कारंज्याचा चौथरा आधीच बांधून झाला होता. बाहेरून कुणी येणार नाही हे दिसल्यावर फौजदारांनी तरी काय करायचं? त्यांनी सगळ्यांच्या रजा रद्द करून टाकल्या.

"हिच्या ताईच्या लग्नाला काय झालं ते आठवतं का तुम्हाला?" आईने विचारलं.

आबांनी मान खाली घातली.

त्या वर्षी तालुक्याला कोण मंत्री आले होते. आबा बंदोबस्तावर. लग्नाचा मुहूर्त टळत आला तरी पत्ता नाही, शेवटी मामाने कन्यादान केलं. आबा आले तेव्हा शेवटची पंगत उठत होती. अंगात गणवेश, बुटांवर धूळ. ताईच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर ती म्हणाली, "आबा, जेवून घ्या, भात गार झालाय." एवढंच म्हणाली. पण दर दिवाळीला माहेरी आली की ती हे वाक्य कधीतरी काढायचीच आणि आबा ताटावरून उठून बाहेर जायचे.

"या वेळी मी मामाला बसवणार नाही," आई म्हणाली. "लग्न मोडलं तरी चालेल."

मी तांदूळ खाली ठेवले.

"तसं काही होत नाही," आबा हळूच म्हणाले. हात धुतले, पंच्याला पुसले. दारापर्यंत गेले आणि पाठ फिरवूनच म्हणाले, "शुक्रवारी पालिकेची सभा आहे. अंदाजपत्रकाची. दुपारी."

"मग मला काय सांगता? मी काय मेंबर आहे?"

"नाही, आपलं सांगितलं," म्हणाले आणि शेवग्याखाली जाऊन बसले.

मला जरा नवल वाटलं. आबांकडे ठाण्यात गोपनीयचं काम होतं. म्हणजे गावात कुठे मोर्चा निघणार, कोण उपोषणाला बसणार, कुठल्या आळीत डोकी तापलीत, याची खबर आधी काढायची आणि फौजदारांच्या कानावर घालायची. या कामात त्यांचा हात कुणी धरत नसे. फौजदार पिसे सगळ्यांना सांगायचे, शेंडग्यांची खबर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण घरी चकार शब्द नाही. गावात काय चाललंय हे आम्हाला लाईनीत सगळ्यात शेवटी कळायचं. ते सभेबिभेचं बोलले ते त्याच दिवशी. पण माझं डोकं माझ्या लग्नात होतं, मी फार विचार केला नाही.

त्या रात्री आई जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, गोदाक्का कासारीण आली. महिन्यातून एकदा ती बांगड्यांचं गाठोडं घेऊन लाईनीत यायची. लग्नाचा हिरवा चुडा तिच्याकडूनच भरायचा होता, म्हणून आईने तिला माप घ्यायला बोलावलं होतं. गोदाक्काने उंबऱ्यातच पसारा मांडला, माझा पंजा दाबून पाहिला आणि म्हणाली, "हात मऊ आहे पोरीचा, बांगडी झर्रकन जाईल. पण अनसूयाबाई, तुम्ही मात्र उद्या काचेच्या घालू नका हं. मोर्चात फुटतील."

आई तिच्याकडे बघतच राहिली.

"किती जणी येणार म्हणतात गावात?" तिने विचारलं.

"कोण पन्नास म्हणतं, कोण पाचशे. पालिकेचा शिपाई तर म्हणत होता की आख्ख्या जिल्ह्याच्या पोलिसांच्या बायका येणार. लाटणी घेऊन!"

"लाटणी," आई म्हणाली.

"मुंबईच्या बायकांनी नव्हती का उगारली? पेपरात फोटो आला होता."

"हो," आई म्हणाली. "लाटणीच."

मला इतका राग आला! एवढा मोर्चा ठरला, गावभर झाला, कासारणीलाही ठाऊक, आणि माझ्या लग्नासाठी निघालेल्या मोर्चाचा मलाच पत्ता नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई उठली. गोदाक्काला म्हणाली, "तुम्ही हिचं माप घ्या, मी आले," आणि डोक्यावर पदर घेऊन भराभरा नळाकडे गेली. बादलीसुद्धा नेली नाही.

माप देऊन मी मागोमाग गेले, तेव्हा नळ नुसता वाहत होता आणि सगळ्या जणी आईभोवती उभ्या होत्या.

"माझ्या मालकांची नोकरी जाईल," जगदाळेकाकू म्हणत होत्या. त्यांचा जीव कायम मुठीत असे. "पोलिसाला बोलायची बंदी असते, अनसूया."

"पोलिसाला. आपल्याला कुठे आहे?" आई म्हणाली. "नोकरी त्यांची आहे, लाटणं माझं आहे. माझ्या लाटण्यावर सरकारी बिल्ला लावलेला नाही."

"आणि त्यांनाच आपल्यावर पाठवलं तर?" शालनने विचारलं. ती नवीन लग्न होऊन आलेली. "आमचे हे काठी उगारतील?"

"उगारू दे की," फातिमाभाभी म्हणाली. मुलाणी शिपायाची बायको, आवाज असा की ठाण्यात ऐकू जावा. "संध्याकाळी जेवायला घरीच येणार ना?"

सगळ्या हसल्या. जगदाळेकाकूंनाही हसू फुटलं. पण त्यांची खरी अडचण वेगळीच निघाली.

"अगं, पण माझ्याकडे लाटणंच नाही. आम्ही भाकरी थापतो. पोळी दिवाळीला, ती तुझ्याच लाटण्यावर."

मग एकेकीने सांगायला सुरुवात केली. लाईन सगळी ज्वारी खाणारी. निम्म्या घरांत लाटणं नव्हतं. गावभर लाटणे मोर्चाची हवा, आणि लाटणी मिळून सात-आठ.

"ज्याच्या घरी जे असेल ते घ्या," आईने निकाल दिला. "रवी घ्या, उलथनं घ्या. लांबून कोण बघतंय?"

मीही जाणार म्हटलं तर आई खवळली. "लग्न ठरलेली पोर मोर्चात? सासरी कळलं तर काय म्हणतील?" शेवटी फातिमाभाभीने तिला समजावलं, की ज्या मुलीसाठी भांडतेस ती तरी दिसू दे लोकांना. आमचं एकुलतं लाटणं आईकडे होतं. मी पोळपाट घेतला.

शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. मोर्चा कसा चालतो हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. नवऱ्यांकडून ऐकून ऐकून पाठ. दोघीदोघींच्या रांगा, डाव्या बाजूने, रस्ता अडवायचा नाही. ऐन उन्हात आम्ही अशा शिस्तीत चाललो होतो की पेठेतले दुकानदार गल्ल्यावरून उठून बघायला आले. आम्ही होतो पंधरा-सोळा. पण गावभर पाचशेचा बोलबाला झालेला, त्यामुळे त्या पाचशे बघायला निदान दोन-तीनशे माणसं मागे लागली, आणि लांबून पाहणाऱ्याला सगळा मोर्चाच वाटला.

कारंज्याच्या कोरड्या चौथऱ्यापाशी फातिमाभाभीने पहिली घोषणा दिली.

"कारंज्याला पाणी कुठलं?"

काय उत्तर द्यायचं ते कुणी ठरवलंच नव्हतं. आम्ही गप्प. मागून एक भाजीवाली ओरडली, "आमच्याच नळाचं!" आणि मग जो गलका उठला तो पालिकेच्या फाटकापर्यंत थांबला नाही.

फाटकात आमचे पोलीस उभे होते. जगदाळेकाका, मुलाणी, शालनचा नवरा, आणि मधोमध आबा. टोप्या नीट, पट्टे घट्ट, हातात काठ्या. सगळ्यांच्या नजरा आमच्या डोक्यांवरून पलीकडे, जणू समोर कुणी ओळखीचं नाही.

"मागं सरा," आबा म्हणाले.

"कुणाला म्हणताय?" आईने विचारलं.

"मोर्चाला म्हणतोय."

"मोर्चाला नाव आहे. अनसूया रंगनाथ शेंडगे."

आबांनी घसा खाकरला. "बाई, आत सभा चालू आहे. आत जायचं नाही."

"जात नाही. इथंच बसतो. बसायला मनाई आहे का, हवालदारसाहेब?"

"रस्ता सोडून बसा."

"रस्ता सोडूनच बसतोय. तुम्हीच शिकवलंय."

जगदाळेकाकांचा ओठ थरथरायला लागला. काकूंनी ते बरोबर हेरलं. आदल्या दिवशी नोकरी जाईल म्हणून घाबरणारी बाई, हातातली रवी रोखून म्हणाली, "हसताय काय? डबा तसाच आहे ना सायकलला? आधी जेवा, मग आम्हाला हटवा!"

लोक खो खो हसायला लागले. वरचं दार उघडलं आणि तात्यासाहेब कडलग सज्जात आले. गोरेपान, गोल चेहरा, डोक्यावर कडक टोपी. त्यांच्यामागे मेंबरांची गर्दी. सभा तिथेच थांबलेली.

"फौजदार!" त्यांनी हाक मारली. "हा काय तमाशा आहे? हटवा यांना!"

फौजदार पिसे फाटकाच्या आत सावलीत उभे होते. ते शांतपणे पुढे आले आणि वर बघून म्हणाले, "तात्यासाहेब, बायकांना हटवायला महिला पोलीस लागतात. आमच्या ठाण्याला नाहीत."

"आणि हे जे उभे आहेत ते?"

"ते यांचे नवरे आहेत."

पुन्हा हशा. तात्यासाहेब लालबुंद झाले.

"मग जिल्ह्याहून मागवा! परवा तुम्ही पाचशे म्हणालात, मला वाटलं उगाच घाबरवताय. हे तर खरंच निघालं की!" ते आमच्या मागची गर्दी बघत होते.

"मागवतो की. मी परवाच सुचवलं होतं. पण नियम असा आहे, की जादा बंदोबस्त जो मागेल त्याने तो लेखी मागायचा आणि खर्च भरायची हमी द्यायची."

"भरू! पालिका भरेल! पाहिजे तेवढी माणसं मागवा!"

त्यांच्यामागून हेडक्लार्क पुढे वाकला. त्या बिचाऱ्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे कानात सांगितलेलंही चौकात ऐकू जायचं.

"साहेब, ते बंदोबस्ताचं कलम आपण आत्ताच वगळलं. दहा मिनिटं झाली."

इतकी शांतता पसरली की कुणाच्या तरी हातातलं उलथनं खाली पडलं, त्याचा खणखणाट सगळ्यांनी ऐकला.

आई उठून उभी राहिली. तिने पदर खोचला, लाटणं मात्र काखेत धरलं, छत्री धरावी तसं.

"तात्यासाहेब, एक विचारू का?"

"विचारा बाई," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"आम्ही या पुढच्या पंधरा-सोळा बायका, तेवढा मोर्चा. मागचे सगळे बघे आहेत. आमच्यातल्या निम्म्यांकडे लाटणंसुद्धा नाही. माझ्या पोरीच्या हातात पोळपाट आहे, बघा. एवढ्या आम्हाला आवरायला तुम्हाला जिल्ह्याहून पोलीस लागतात, आणि पालिका त्याचे पैसे भरायला तयार आहे. मग जत्रेत आख्खा तालुका येतो. बैल येतात, पाळणे येतात, पाकीटमार येतात, पिऊन पडणारे येतात. तेव्हा मात्र हे एवढेच पुरतात?"

गर्दीतून टाळ्या पडायला लागल्या. आईने हात वर केला आणि त्या थांबल्या. ती हे कुठे शिकली होती कोण जाणे.

"कारंजं बांधू नका असं मी म्हणत नाही," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात तिच्या बापाच्या जागी माझा भाऊ बसला. बाप बंदोबस्तावर होता. या धाकटीचं लग्न अक्षय तृतीयेला आहे. ऐन जत्रेत. तिथं तिच्या बापाने बसावं, एवढंच माझं मागणं आहे. ते उभे आहेत समोर, पण त्यांना बोलायची बंदी आहे. म्हणून मी बोलतेय."

आबा सरळ समोर बघत होते. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पण काठीवरची त्यांची बोटं पांढरी पडलेली मला दिसली.

तात्यासाहेबांनी टोपी काढली, टक्कल पुसलं, पुन्हा घातली. माणूस हट्टी होता, पण कोत्या मनाचा नव्हता. त्यांनी खाली माझ्याकडे पाहिलं.

"हीच का नवरी?"

"हीच," आई म्हणाली.

"नवरीच्या हातात पोळपाट घेऊन तिला उन्हात बसवलीत, आणि मला बोलता?" मग त्यांना स्वतःलाच हसू आलं. "बाई, ते लाटणं घरी ठेवून आला असता तरी चाललं असतं. तोंड पुरे आहे तुमचं. बसा सावलीत. फौजदार, यांना पाणी द्या. आणि हेडक्लार्क, ते कलम परत वाचा. मोठ्यांदा!"

ते मोठ्यांदा वाचावं हे त्या माणसाला सांगायची गरजच नव्हती. सगळ्या चौकाने ऐकलं. सभा पुन्हा बसली आणि चहा यायच्या आत कलम मंजूर होऊन आलं. कारंजं पुढच्या वर्षावर ढकललं गेलं. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. चौथरा अजून आहे. बाजाराला आलेल्या बायका त्यावर सावलीला बसतात, पिशव्या ठेवतात. मी भोरगावात गेले की मीही घटकाभर टेकते.

जत्रेला मुख्यालयातून पोलीस आले आणि आबांची रजा पुन्हा मंजूर झाली. तरीही लग्नाच्या दिवशी सकाळपर्यंत आईचा विश्वास नव्हता. मांडवात कुणाची सायकल थांबली तरी ती दचकून बघायची, बोलावणं तर नाही आलं? आलं नाही. आबांनी धोतर नेसलं, फेटा बांधला. गणवेशाशिवाय ते मला कुणी दुसरेच, जरा बारीक आणि लाजाळू वाटले. कन्यादानाच्या वेळी भटजींनी ओंजळ धरायला सांगितली तर त्यांचे हात इतके कापत होते की पाणी सगळं बाहेर. ताई मागे उभी होती. तिने पुढे होऊन त्यांच्या हाताखाली आपला हात धरला. भाताचं वाक्य ताईने त्यानंतर कधी काढलं नाही.

रुखवतात आईने ते लाटणं लाल फीत बांधून ठेवलं होतं. मोर्चाची गोष्ट वाळवण्याला आमच्या आधी पोचली होती. सासूबाईंनी लाटणं उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "आमच्या घरी याने फक्त पोळ्या लाटायच्या बरं का, सूनबाई." त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत आमचं कधी वाजलं नाही. लाटण्याचा धाक असावा.

ही गोष्ट मी माझ्या मुलांना कितीदा सांगितली असेल. एकदा मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी गेले होते. आबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गावाबाहेर दोन खोल्यांचं घर बांधलं होतं आणि दारात लाईनीतल्या शेवग्याची फांदी लावून तिचं झाड केलं होतं. आई शेवया मोडत होती, आबा ओसरीवर पेपर वाचत होते आणि मी मुलांना रंगात येऊन सांगत होते, "त्या रात्री आजी जेवली नाही. रात्रभर जागी राहिली आणि तिने ठरवलं, आता मोर्चाच काढायचा."

"मी कुठे ठरवलं?" आई म्हणाली.

"मग कुणी ठरवलं?"

"मला काय ठाऊक? मला तर गोदाक्काने सांगितलं."

मला ती सकाळ आठवली. उंबऱ्यातलं गाठोडं, आणि गोदाक्काकडे बघत राहिलेली आई.

"म्हणजे ती येईपर्यंत तुला मोर्चा माहीतच नव्हता?"

"नव्हताच. मी रात्रभर रडत होते, मोर्चा कसला? सकाळी ती म्हणाली बांगड्या फुटतील. मी म्हटलं, गाव जर म्हणतंच आहे की आम्ही येणार, तर जावंच." आईने मूठभर शेवया डब्यात टाकल्या. "गोदाक्काला पालिकेच्या शिपायाने सांगितलं. त्याने तात्यासाहेबांच्या खोलीत ऐकलं. तात्यासाहेबांना फौजदारांनी कळवलं होतं, बुधवारी दुपारीच."

"आणि फौजदारांना?"

आईने ओसरीकडे पाहिलं. मीही पाहिलं. पेपर चेहऱ्यासमोर उंच धरलेला होता, पण बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

"आबा," मी हाक मारली. "फौजदारांना मोर्चाची खबर कुणी दिली?"

"गोपनीय माहिती उघड करता येत नाही," पेपरामागून उत्तर आलं.

"आबा! बुधवारी दुपारी मोर्चा नव्हताच. आईला रजेचंसुद्धा ठाऊक नव्हतं तेव्हा!"

"पिसेसाहेबांनाही शंका आली होती. म्हणाले, शेंडगे, खबर पक्की आहे ना? म्हटलं, साहेब, घरातलीच आहे."

आईच्या हातातल्या शेवया तशाच राहिल्या. तिला हसू आवरेना. आबांनी पेपर खाली घेतला, चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. चेहरा तसाच, फाटकात उभे होते तेव्हाचा.

"आणि मला एक सांग," ते म्हणाले. "माझी खबर कधी खोटी निघालीय?"